‘स्पोर्ट’ नावाला भुलून माल भरू नका

रमजान ईद जवळ आली की अत्तराचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांकडे घाऊक व्यापाऱ्यांची माणसे नवे नमुने घेऊन येतात. त्यात एखादी शिशी ‘स्पोर्ट’ची हमखास असते. चालू मालाचे नाव तेच, पुढे हा एक शब्द, आणि भाव जास्त. एका ईदेला आम्हीही या शब्दाला भुललो आणि अर्धा किलो तेल उचलले. म्हणून हे लिहीत आहोत.

आमच्याकडे ‘बॉस टाईप’ तेलाचे गिऱ्हाईक जुने आहे. मूळ सेंट म्हणजे ह्यूगो बॉस कंपनीचा १९९८ सालचा ‘बॉस बॉटल्ड’. लावताच सफरचंद, मग दालचिनी-लवंग आणि शेवटी व्हॅनिला व चंदन. गिऱ्हाईक पैसे मोजते ते या शेवटासाठी. कुर्त्याला लावला तर दुसऱ्या दिवशीही कापडात दरवळ राहतो.

२०१२ साली याच नावावर ‘बॉस बॉटल्ड स्पोर्ट’ आला. सुरुवात ग्रेपफ्रूटची, म्हणजे आपल्या पपनसाच्या जातीच्या फळाची. पहिली पाच मिनिटे छान वाटते. त्यानंतर आमच्या नाकाला उरला तो धुतल्या कपड्यासारखा फिका वास. दालचिनी-व्हॅनिलाची ऊब कुठेच नाही. दोष नक्कल करणाऱ्याचा असेल म्हणून मूळ स्प्रेही मिळवून पाहिला. नक्कल बरोबर होती!

कारण जालनेकरांना वेगळे सांगायला नको. आपल्याकडे मोसंबीच्या बागा आहेत. साल नखाने दाबा, वास भपकन येतो आणि हात पुसेपर्यंत जातो. लिंबूवर्गातील तेल हलके, ते लवकर उडते; चंदन जड, ते चिकटून राहते. ‘स्पोर्ट’ मालात बहुधा हलके वाढवतात आणि जड कमी करतात. थंड मुलुखात हे खपूनही जाईल. येथे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, तेथे असा वास दुकानाच्या पायरीपासून घरापर्यंत टिकत नाही.

आमच्याकडे रोलिंग मिलमधला एक कारागीर दर महिन्याला पाव तोळा बॉस नेतो. ‘स्पोर्ट’ म्हणजे घामाच्या कामाला जास्त चांगले, असे समजून त्याने ते नेले. आम्हीही तसेच सांगितले होते. चौथ्या दिवशी शिशी परत घेऊन आला. म्हणाला, “सेठ, भट्टीपर्यंत पोचायच्या आत उडून जाते.” त्याला बदलून दिले, पण मान खाली गेली ती गेलीच. आमच्या शब्दावर त्याने पैसे टाकले होते.

सगळेच ‘स्पोर्ट’ टाकाऊ आहेत असे आमचे म्हणणे नाही. शनेलचा ‘अल्यूर ऑम’ १९९९ चा, त्याचा ‘स्पोर्ट’ २००४ चा. तो आम्हाला आवडतो, कारण वर संत्रे असले तरी खाली अंग आहे. तेव्हा शब्दाशी आमचे वैर नाही.

नवा माल घेताना शिशीच्या तोंडाशी नाक नेऊन सौदा करू नये. तेथे फक्त वरचा वास कळतो आणि विकणाऱ्याला तेच हवे असते. आधी तोळाभर घ्यावे. थोडे मनगटावर, थोडे सुती कपड्यावर लावून उन्हात फिरावे. जोहरला लावलेले मगरिबला उरले नाही, तर ईदेचे भांडवल त्यात घालू नये. तालुक्याच्या आठवडी बाजारात बसणाऱ्यांनी तर मुळीच नाही. तेथे शिशी बदलून मागायला गिऱ्हाईक आठ दिवसांनी येते, तेही चार माणसांसमोर.

आमचे उरलेले तेल अजून फळीवर आहे. खरेदीच्या भावापेक्षा कमीत देतो आणि देताना सांगतो : बॉस समजून नेऊ नका, वास तासाभराचा आहे.