बळी तो रस्ता बळकावी

आमच्या पिंपरी-चिंचवडइतके कृतघ्न गाव दुसरे नसेल. वाचकांनी सणासुदीला रागावू नये. मी ह्याच गावचा रहिवासी आहे आणि पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहीत आहे. आकुर्डी-भोसरीपासून थेट चाकणपर्यंतच्या ह्या पट्ट्यात मोटारी बनतात, मोटारसायकली बनतात, मालट्रक बनतात. आणि त्यांना चाके जोडणारा कामगार पाळी सुटल्यावर जीव मुठीत धरून रस्त्याच्या कडेला उभा असतो. त्यानेच बनवलेली वाहने त्याला पलीकडे जाऊ देत नाहीत!

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि माळरानावर कारखान्यांच्या रांगा लागल्या. कारखान्यांमागून रस्ते रुंद झाले, पूल चढले. ह्या सगळ्या रुंदीत पायी माणसाच्या वाट्याला काय आले? पदपथ म्हणावा तर त्यावर मोटारसायकली उभ्या, आणि जेथे त्या नाहीत तेथे पदपथच नाही.

यावर शहाणी मंडळी म्हणतात, ‘माणसांनी जपून चालावे.’ उपदेश नेहमी हलक्यालाच का? पायी चालणारा एका पावलात थांबतो. वाहनाचे तसे नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते, हे शाळेतले पदार्थविज्ञान आहे. म्हणजे ज्याच्या हातून दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, जपण्याचा पहिला भार त्याच्यावरच हवा. जितके वजन अधिक, तितके कर्तव्य अधिक. आपल्याकडे उलटा न्याय: कंटेनरला मोटार भिते, मोटारीला दुचाकी, दुचाकीला सायकल आणि सायकलला म्हातारी आजी. बळी तो कान पिळी!

ह्या न्यायाचा हिशेबही पाहा. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यांतील दर शंभरात सुमारे चव्वेचाळीस दुचाकीवरची आणि जवळजवळ वीस पायी चालणारी होती. हे काय सगळे बेसावध होते?

मी एकतर्फी बोलत नाही. चाकणच्या तळेगाव चौकात लांबलचक मालगाडी वळते तेव्हा तिच्या डाव्या कुशीला काय आहे, हे चालकाला धड दिसत नाही, आणि तिची मागची चाके आत कापत येतात. तेथे सायकल किंवा स्कूटर घुसवणे हा आत्मघात आहे. रात्री दिव्याविना सायकल हाकणारा, उलट्या दिशेने दुचाकी दामटणारा, ह्यांचीही मी गय करणार नाही. पण म्हणून पायी माणसासाठी उंच पूल बांधून मोकळे होऊ नका. गुडघे दुखणाऱ्या आजीने दोन मजले चढावे, कशासाठी? तर मोटारीचा वेग कमी होऊ नये म्हणून! तिला जमिनीवरच पांढरे पट्टे द्या, दिवा द्या, मध्ये उभे राहायला जागा द्या. सिग्नल नसलेल्या पट्ट्यांपाशी वेग कमी करून थांबावे आणि चालणाऱ्याला वाट द्यावी, असे २०१७ सालचे वाहनचालनाचे नियमच सांगतात.

‘आपल्याकडे हे जमायचे नाही,’ असे कोणी म्हणेल. जमते! ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते, तेव्हा हाच जुना मुंबई-पुणे रस्ता चालणाऱ्यांचा होतो. वाहने दुसरीकडे वळतात, मोटारवाले मुकाट थांबतात, वर हातही जोडतात. मग डोक्यावर तुळस नसलेल्या, हातात जेवणाचा डबा असलेल्या माणसाने काय पाप केले?

वाचकहो, पाडव्याला पुष्कळ घरांपुढे नवी गाडी उभी राहील. हार चढेल, कुंकू लागेल, चाकाखाली लिंबू ठेवले जाईल. ते खुशाल चिरडा. मग सगळे आत बसून फिरायला निघाल, तेव्हा पांढऱ्या पट्ट्यांपाशी गाडी थांबवा आणि कडेला उभ्या असलेल्या माणसाला हाताने खूण करून आधी जाऊ द्या. मागच्याने भोंगा वाजवला तर वाजवू द्या. मागच्या बाकावरची मुले सारे पाहत असतात. उद्या हेच चाक त्यांच्या हाती जाणार आहे.