विल्फ्रेड ऱ्होड्स : गुण आणि मान

आमच्या मुलांच्या तोंडीं क्रिकेटमधील धांवांचे व बळींचे आंकडे सदा असतात. आंकडे पाठ असणें वाईट नाहीं. परंतु त्या आंकड्यांमागील मनुष्य कसा होता आणि जगानें त्याला कसें वागविलें, हेंहि पाहिलें पाहिजे. म्हणून इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्याचा खेळाडू विल्फ्रेड ऱ्होड्स याचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ऱ्होड्सचा जन्म १८७७ सालीं कर्कहीटन या खेड्यांत झाला. तरुणपणीं त्यानें रेल्वेच्या एंजिनांच्या शेडमध्यें काम केलें. १८९८ सालीं तो यॉर्कशायरच्या संघांत आला आणि पहिल्याच हंगामांत या डावखुऱ्या, मंदगति गोलंदाजानें दीडशेंहून अधिक गडी बाद केले. १९३० पर्यंत तो खेळत राहिला व त्याचे एकंदर बळी चार हजारांवर गेले. हा विक्रम अद्याप कोणीं मोडलेला नाहीं.

फलंदाजींत त्याची प्रगति याहूनहि बोधप्रद आहे. आरंभीं इंग्लंडच्या संघांत तो अगदीं शेवटीं खेळावयास येई. १९०३ सालीं सिडनी येथें शेवटच्या जोडींत त्यानें फॉस्टरबरोबर १३० धांवांची भर घातली. पुढें अभ्यासानें तो एकेक पायरी वर चढला, आणि १९१२ सालीं मेलबर्न येथें जॅक हॉब्ज व तो यांनीं पहिल्याच जोडींत ३२३ धांवा केल्या. १९२६ सालीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, त्यास ओव्हलवरील निर्णायक सामन्यासाठीं पुनः बोलावण्यांत आलें. त्यानें ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावांत ४४ धांवांत ४ गडी बाद केले व इंग्लंडचा जय झाला.

येथेंच थांबलों तर ‘प्रयत्नांतीं परमेश्वर’ या म्हणीचें हें उत्तम उदाहरण ठरेल. परंतु ही अर्धीच गोष्ट होय. त्या काळीं इंग्लंडांत वेतन न घेणारे ते ‘जंटलमन’ व वेतन घेणारे ते ‘प्लेअर’ असे खेळाडूंचे दोन वर्ग असत. कित्येक ठिकाणीं त्यांच्या खोल्या वेगळ्या, मैदानांत उतरण्याचीं दारेंहि वेगळीं. कर्णधारपद बहुधा पहिल्या वर्गाकडेच जाई. १९२७ सालीं यॉर्कशायरच्या समितीनें ही रूढि मोडूं पाहिली, तेव्हांहि तो मान ऱ्होड्सहून लहान अशा हर्बर्ट सटक्लिफ यास देऊं केला. त्यानें नकार दिला व पुनः बिनवेतनी कर्णधार आला. ज्येष्ठ ऱ्होड्स मात्र जेथल्या तेथेंच राहिला. हा वर्गभेद नियमांतून गेला तो १९६२ सालीं.

इंग्लंडास हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आपल्याकडे पाळवणकर बाळू हेहि तसेच डावखुरे, मंदगति गोलंदाज. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरांवर गडी बाद केले. तरी अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्मल्यामुळें पुण्यास त्यांना चहा वेगळ्या भांड्यांत, बाहेर दिला जाई. हिंदु संघाचें नायकत्व त्यांस कधींच मिळालें नाहीं. १९२३ सालीं तें त्यांचे बंधु विठ्ठल यांस मिळालें.

ऱ्होड्स व बाळू यांच्या सहनशीलतेची आपण स्तुति करतों, ती योग्यच आहे. पण सोसणाऱ्याची स्तुति ही सोसावयास लावणाऱ्यांची सबब होऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. एकाच्या धैर्यामुळें दुसऱ्याचा अन्याय लहान होत नाहीं.

यास्तव विद्यार्थीमित्रांस आमचें सांगणें असें कीं, ऱ्होड्सप्रमाणें शेवटच्या जागेवरून पहिल्या जागेपर्यंत येण्याचा यत्न करा. आणि संघनायक निवडतांना कोणाचा मुलगा हें न पाहतां खेळ व स्वभाव पाहा. पालकांसहि विनंति कीं, आपला मुलगा कोणाबरोबर खेळतो, हें विचारतांना त्या सोबत्याचें आडनांव आधीं विचारूं नये.