गुणांची खैरात नको, पारख हवी

बृहन्महाराष्ट्रातील महाविद्यालयांत मराठी घेणारे विद्यार्थी रोडावत चालले, ही खंत आम्ही प्रत्येक मेळाव्यात ऐकतो. त्यावर एक सोपा उतारा आता सुचविला जातो : ‘मराठी घ्या, गुण सढळ मिळतात.’ हा उतारा आम्हांस रोगाहून घातक वाटतो.

विद्यार्थ्याने काय आत्मसात केले हे तपासण्याची साधनेच नाहीत, अशी सबब अनेक अध्यापक पुढे करतात. ती टिकणारी नाही. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची तर ती परीक्षापद्धतीची असावी, असे राधाकृष्णन आयोगाने १९४९ सालीच बजावले होते. बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली ज्ञानापासून मूल्यमापनापर्यंत सहा पायऱ्या मांडल्या. २००१ च्या सुधारित मांडणीत नवनिर्मिती सर्वोच्च स्थानी आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७३ साली परीक्षा-सुधारणेचा आराखडा दिला आणि २०१९ साली मूल्यमापन-सुधारणांवर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. तो विनामूल्य वाचावयास मिळतो. उणीव साधनांची नाही, ती उघडून पाहण्याच्या इच्छेची आहे.

‘तुकारामांच्या अभंगांची वैशिष्ट्ये सांगा’ या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शिकेतून पाठ करता येते. त्याऐवजी वर्गात न शिकविलेला एखादा अभंग पुढे ठेवावा आणि त्यातील संबोधन कोणाला, कशासाठी, हे आधार देऊन लिहावयास सांगावे. अर्थग्रहण, आधार, युक्तिवाद आणि भाषा या चार निकषांना किती गुण, हे परीक्षेपूर्वीच जाहीर करावे. मग आपण कोठे उणे पडलो हे विद्यार्थ्याला कळेल. आज त्याला केवळ आकडा कळतो.

‘साहित्याचा आस्वाद चौकटीत बसत नाही,’ असा आक्षेप येईल. मान्य. परंतु शंभरांपैकी बासष्ट गुण देणाऱ्याने मोजमाप केलेलेच असते. फक्त माप कोणते, ते तो सांगत नाही. न सांगितलेले माप हे रसिकतेचे लक्षण नव्हे.

आमच्या संस्थांनीही केवळ गुणवंतांचे सत्कार करून थांबू नये. आपल्यांत निवृत्त प्राध्यापक पुष्कळ आहेत. त्यांनी ही साधने मराठीत आणावीत, नमुना प्रश्न व निकष यांची एक छोटी पुस्तिका सिद्ध करावी आणि ती प्रत्येक ग्रंथालयात ठेवावी. खर्च थोडा आहे, निकड मोठी आहे.

पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहून आपण ही भाषा जपली, ती गुणपत्रिकेवरील आकड्यासाठी नव्हे. मराठीत नव्वद गुण मिळविलेल्या नातवाला घरातील पणजोबांच्या पत्राचा आशय सांगता आला नाही, तर त्या नव्वद गुणांनी नेमके काय मोजले, हे विचारण्याचा अधिकार आम्हांस आहे. तो आम्ही सोडणार नाही.