आकाशांतून पडलेला पुरावा

आकाशांतून दगड पडले, रक्त पडलें, अशी वार्ता उठली कीं आपल्या समाजाचे दोन तट पडतात. एक तट हात जोडून शांतीचा खर्च विचारावयास धांवतो. दुसरा, चार बुकें वाचलेला, सांगणाऱ्यासच वेड्यांत काढतो. आमच्या मतें दोघांचा दोष एकच. चौकशी दोघांसही नको आहे.

हंसणारांनीं पुढील हकीकत ध्यानांत ठेवावी. इ. स. १७६८ सालीं फ्रान्सांत ल्यूसे येथें लोकांच्या डोळ्यांदेखत दगड पडला. पॅरिसच्या विद्वत्सभेनें चौकशी केली. चौकशी करणारांत लाव्हाझियेसारखा रसायनवेत्ता होता. तरी १७७२ सालीं निकाल काय झाला? तर दगड आकाशांतला नव्हे, जमिनीवरच वीज पडून भाजलेला! खेडुतांची साक्ष फुकट गेली. पुढें १७९४ सालीं क्लाड्नी नामक जर्मन गृहस्थानें निरनिराळ्या काळांतील साक्षी ताडून, असे दगड खरोखरच पृथ्वीबाहेरून येतात, असें प्रतिपादन केलें. हा गृहस्थ कायद्याचा पदवीधर होता, हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटल्यास वाचक क्षमा करतील. परस्परांस न ओळखणारे अनेक साक्षीदार एकच गोष्ट सांगूं लागले, तर ती हंसण्यावारी नेऊं नये, हें कोर्टांतील साधें तत्त्व होय. १७९८ सालीं आपल्या काशीजवळ दगड पडले. ते इतर देशांतील दगडांबरोबर हॉवर्डनें तपासले, तों सर्वांतील लोखंडांत निकेल सांपडलें. अखेर २६ एप्रिल १८०३ रोजीं फ्रान्सांत लेग्ल येथें सुमारें तीन हजार दगड कोसळले. सरकारनें पाठविलेल्या बियो ह्या तरुण शास्त्रज्ञानें गांवोगांव जबान्या घेतल्या, दगड गोळा केले, आणि विद्वानांस आपला हट्ट सोडावा लागला.

आतां हात जोडणारांकडे वळूं. २००१ च्या जुलैंत केरळांतील कोट्टायम व इडुक्की जिल्ह्यांत तांबडा पाऊस पडला. आरंभीं शास्त्रज्ञांसही उल्केचा संशय आला. परंतु पाणी सूक्ष्मदर्शकाखालीं धरल्यावर त्यांनीं तो सोडला, आणि नोव्हेंबरच्या अहवालांत तो रंग झाडांवरील ट्रेंटेपोहलिया नामक शैवालाच्या बीजाणूंचा ठरविला. २००२ सालीं बंगालांत संग्रामपूर येथें हिरवट थेंब पडले. विषारी अस्त्राची भीति पसरली. तपासांत निघाली मधमाश्यांची विष्ठा, तींत आंबा व नारळ ह्यांचे परागकण!

तात्पर्य, एके ठिकाणीं लोक खरे ठरले व पंडित चुकले. दुसऱ्या ठिकाणीं लोकांनीं पाहिलें तें खरें, पण त्यावरून बांधलेला तर्क खोटा. पाहिलेली गोष्ट आणि काढलेलें अनुमान ह्यांतील हा भेद ज्या समाजास कळत नाहीं, त्यास कोणीही भिववावें व कोणीही लुबाडावें. आमच्या व्यापारी बंधूंस निराळें सांगावयास नको: बाजारांत एका अफवेनें दुपारच्या आंत भाव चढतात आणि नुकसान गरिबाच्या पदरीं येतें.

म्हणून असें कांहीं पडल्यास पदार्थ स्वच्छ बाटलींत भरावा, दिवस, वेळ व पाहणारांचीं नांवें लिहावीं, आणि तो जवळच्या महाविद्यालयाकडे द्यावा. सरकारनेंही तपासाचा निकाल दप्तरांत न पुरतां लोकांच्या भाषेंत प्रसिद्ध करावा. शांति करावयाची त्यानें खुशाल करावी. परंतु आधीं बाटली भरावी.