‘निवृत्ती नियोजक’ म्हणवणाऱ्याची नोंदणी कुठे आणि कशी पाहावी?

निवृत्तीच्या पैशाशी संबंधित दोन नियम गेल्या काही काळात बदलले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने गुंतवणूक सल्लागार होण्याच्या अटी सैल केल्या. डिसेंबर २०२५ मध्ये पीएफआरडीए, म्हणजे निवृत्तिवेतन निधीच्या नियामकाने, राष्ट्रीय पेन्शन प्रणालीतून बाहेर पडण्याचे नियम बदलले. बिगरसरकारी सभासदाला साठाव्या वर्षी पूर्वी ६० टक्के रक्कम एकरकमी मिळत असे आणि ४० टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे महिन्याला पेन्शन देणारी पॉलिसी, घ्यावी लागे. आता मोठी रक्कम जमा असलेल्यांना ८० टक्क्यांपर्यंत हातात घेता येते, वार्षिकीची सक्ती २० टक्क्यांवर आली आहे. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वार्षिकीचा ४० टक्क्यांचा नियम तसाच आहे.

थोडक्यात, निवृत्त माणसाच्या हातात पूर्वीपेक्षा जास्त रोख येणार आणि त्या रोखीबद्दल सल्ला देणारेही वाढणार. म्हणून समोर बसलेल्या नियोजकाची पात्रता पाहायला शिकणे हे आता योजनेचा अर्ज भरण्याइतकेच गरजेचे झाले आहे.

पाटीवरचे नाव आणि परवाना

‘रिटायरमेंट प्लॅनर’ या नावाचा सरकारी परवाना नाही. हे बहुतेकांना माहीत नसते आणि सगळा घोळ तिथेच होतो. पाटीवर काहीही लिहिता येते. प्रश्न असा, की हा माणूस नेमका कोणाच्या यादीत आहे.

विमा एजंट विमा नियामकाच्या नियमांखाली काम करतो. ठरलेले प्रशिक्षण आणि परीक्षा झाली की तो आपल्या कंपनीची पॉलिसी विकू शकतो. म्युच्युअल फंड वितरकाने एनआयएसएम या संस्थेची वितरकांसाठीची परीक्षा दिलेली असते आणि अ‍ॅम्फीकडून त्याला एआरएन क्रमांक मिळालेला असतो. दोघांचेही काम कायदेशीर आहे, पण दोघेही विक्रेते आहेत. त्यांना मोबदला कंपनी देते, तुम्ही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सेबीने सांगितले, की सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या वितरकाने स्वतःला ‘स्वतंत्र वित्तीय सल्लागार’ किंवा ‘वेल्थ अ‍ॅडव्हायझर’ म्हणवून घेऊ नये. तरीही अशी कार्डे आजही लग्नकार्यात हातोहात फिरतात.

शुल्क घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणारा माणूस सेबीकडे ‘गुंतवणूक सल्लागार’ म्हणून नोंदलेला असावा लागतो. त्याचा क्रमांक आयएनए या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त मध्यस्थांची यादी आहे. तिथे नाव आणि क्रमांक दोन्ही जुळले पाहिजेत. आयएनएच असा क्रमांक दिसला तर तो संशोधन विश्लेषक आहे, तुमच्या घरखर्चाचा हिशेब मांडून देणारा सल्लागार नव्हे. एका अक्षराचा फरक आहे, पण काम वेगळे आहे. पेन्शन प्रणालीपुरता सल्ला देणाऱ्यांसाठी पीएफआरडीएचे २०१६ चे ‘निवृत्ती सल्लागार’ विनियम आहेत आणि एनआयएसएमची त्या नावाची वेगळी परीक्षाही आहे.

भिंतीवर सीएफपी असे प्रमाणपत्र दिसले तर त्याला मान द्यावा. तो अभ्यासक्रम गंभीर आहे. पण ते एका व्यावसायिक संस्थेचे प्रमाणपत्र आहे, नियामकाचा परवाना नाही. ते असूनही शुल्क घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी लागतेच.

अटी सैल झाल्या म्हणजे काय झाले

पूर्वी वैयक्तिक सल्लागाराला वित्ताशी संबंधित पदव्युत्तर शिक्षण, पाच वर्षांचा अनुभव आणि पाच लाख रुपयांची नक्त मालमत्ता दाखवावी लागे. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने पदवी पुरेशी ठरवली, अनुभवाची अट काढली आणि नक्त मालमत्तेच्या जागी बँकेत ठेव ठेवण्याची अट आणली. १५० ग्राहकांपर्यंत ही ठेव एक लाख रुपये आहे. एनआयएसएमच्या दोन परीक्षा मात्र कायम आहेत.

आमच्या मते हा बदल वाईट नाही. देशात नोंदणीकृत सल्लागार फार थोडे आहेत आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत. तंजावरसारख्या जिल्ह्याच्या गावी प्रामाणिक सल्ला मिळायचा असेल तर दार थोडे रुंद करावेच लागणार होते. पण त्याची दुसरी बाजू अशी, की नोंदणी क्रमांक आता अनुभवाची हमी देत नाही. तो विचारून घ्यायचा: किती वर्षे हे काम करता, त्याआधी काय करत होता, निवृत्त झालेली किती कुटुंबे तुमच्याकडे आहेत, तुमच्यावर तक्रारी किती आल्या. तक्रारींचा आकडा सल्लागाराने दरमहा जाहीर करायचा असतो, तेव्हा तो विचारण्यात कसलाही संकोच नको.

शुल्काचेही तसेच. ठरावीक शुल्क घेणारा सल्लागार एका कुटुंबाकडून वर्षाला जास्तीत जास्त १ लाख ५१ हजार रुपये घेऊ शकतो. ही वरची मर्यादा झाली, दरपत्रक नव्हे. शुल्काची पावती आणि लेखी करार मिळालाच पाहिजे. शुल्क सोडून तुमची गुंतवणुकीची रक्कम सल्लागाराच्या खात्यात जाण्याचे काहीच कारण नाही. ती बँक, टपाल कार्यालय किंवा फंडाच्या नावानेच जाते. ऑक्टोबर २०२५ पासून गुंतवणूकदारांकडून यूपीआयने पैसे घेणाऱ्या सेबी-नोंदणीकृत संस्थांच्या आयडीत ‘व्हॅलिड’ हा शब्द येतो आणि हिरव्या त्रिकोणात पांढरा अंगठा दिसतो. तो दिसला नाही तर थांबा.

कुंभकोणमचा धडा

आपल्याच जिल्ह्यातले प्रकरण फार जुने नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कुंभकोणममध्ये ‘हेलिकॉप्टर बंधू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोघा भावांना अटक झाली. वर्षभरात रक्कम दुप्पट करून देतो असे सांगून ठेवी घेतल्याचा आरोप त्यांच्यावर होता. हेलिकॉप्टर, गाड्या, सुरक्षारक्षक यांमुळे लोकांना ते मोठे वाटले. या सगळ्यात पाहण्यासारखी गोष्ट एकच: थाट ही पात्रता नव्हे. परताव्याची हमी देण्याची मुभा नोंदणीकृत सल्लागारालाही नाही, त्यामुळे हमी हा शब्द ऐकताच बाकी काही तपासायची गरजच उरत नाही.

आपल्या मराठी घरांसाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तमिळ आणि इंग्रजी कागदांच्या गर्दीत कोणी आपल्या बोलीत बोलू लागला की मन सैल होते. तो माणूस चांगलाही असेल. पण भाषा, नातेगोते, देवळातली ओळख हे परिचयाचे पुरावे आहेत, पात्रतेचे नव्हेत. आयएनए क्रमांक मात्र सगळ्या भाषांत एकच असतो.

आणि वारसाचा प्रश्न विसरू नका. तंजावरकरांना तो वेगळा सांगायला नको. १७९९ च्या तहाने सरफोजी राजांनी राज्यकारभार कंपनीकडे दिला आणि बदल्यात वर्षाला एक लाख स्टार पॅगोडे व महसुलाचा पाचवा हिस्सा ठरला. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुरुष वारसाविना गेले आणि कंपनीने मालमत्तेवर ताबा घेतला. राणी कामाक्षीबाईंचा दावा १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊनही टिकला नाही. आजच्या वार्षिकीत ‘माझ्यानंतर पत्नीला किती आणि तिच्यानंतर मुलांना मूळ रक्कम परत मिळेल का’ हे दोन प्रश्न सही करण्याआधी विचारायचे असतात. वार्षिकी एकदा सुरू झाली की पर्याय सहसा बदलता येत नाही. नियोजकाने हे प्रश्न स्वतःहून काढले नाहीत, तर त्याची तयारी किती आहे ते तिथेच कळते.

जिथे नियोजक लागतच नाही

लाभार्थ्यांपैकी अनेकांना खरे तर नियोजकाची गरज नसते. तमिळनाडूत वृद्धापकाळ निवृत्तिवेतन २०२३ मध्ये १,००० वरून १,२०० रुपये झाले. त्याचा अर्ज ई-सेवै केंद्रातून जातो आणि सामाजिक सुरक्षा योजनेचे तहसीलदार तो तपासतात. ‘मंजूर करून देतो’ म्हणणाऱ्याला काही देऊ नका. अडले तर सोमवारच्या तक्रार निवारण दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी निवेदन देता येते. अटल पेन्शन योजनेसाठी (वय १८ ते ४०, प्राप्तिकर न भरणारे) स्वतःची बँक किंवा टपाल कार्यालय पुरेसे आहे.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के राहिला, म्हणजे १० लाखांवर दर तिमाहीला २०,५०० रुपये. दर सरकार तिमाहीला जाहीर करते, पण एकदा ठेवलेल्या रकमेचा दर पाच वर्षे बदलत नाही. या योजनेवरचे एजंटचे कमिशन डिसेंबर २०११ पासून बंद आहे. तुमच्या नियोजकाने तिचे नाव का काढले नाही, याचे उत्तर कदाचित त्यात असेल. ‘प्रधानमंत्री वय वंदना योजनेत जागा शिल्लक आहे’ असे कोणी सांगत असेल तर ती योजना ३१ मार्च २०२३ ला बंद झाली आहे.

फसवणूक झाल्याचे लक्षात आले तर पैसे ऑनलाइन गेले असल्यास १९३० वर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. नोंदणीकृत सल्लागाराविरुद्ध सेबीच्या ‘स्कोअर्स’ यंत्रणेवर तक्रार करता येते, विचारणेसाठी १८०० २६६ ७५७५ हा निःशुल्क क्रमांक आहे. ठेव बुडवली असेल तर राज्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जा. तमिळनाडूच्या १९९७ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे परत देता येतात. त्यासाठी पावत्या, चेकच्या प्रती, मोबाइलवरचे संदेश आणि ते कार्ड जपून ठेवा.