विजेच्या शॉकने खांद्यापासून गेलेला हात परत मिळू शकतो का?

बोर्डी ओलांडली की गुजरात सुरू होतं आणि पुढे वलसाड लागतं. तिथल्या ९ वर्षांच्या मुलीचं सप्टेंबर २०२४ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावामुळे निधन झालं. पालकांनी तिचे अवयव दान केले, त्यात उजवा हातही होता. तो हात गोरेगावच्या १५ वर्षांच्या मुलीला खांद्यापासून बसवण्यात आला. २०२२ मध्ये अलीगढला गच्चीवर ११ हजार व्होल्टच्या तारेचा शॉक लागून तिने हात गमावला होता. परळच्या ग्लेनईगल्स रुग्णालयात डॉ. नीलेश सातभाई यांच्या टीमने ही शस्त्रक्रिया केली. २०२५ च्या रक्षाबंधनाला तिने त्याच हाताने दात्या मुलीच्या भावाला राखी बांधली.

शॉकने खांद्याला काय होतं?

घरगुती विजेच्या शॉकनेही स्नायू इतके जोरात आकुंचन पावतात की खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो. समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये हे कधी कधी सुटतं. त्यामुळे बाजूने काढलेला एक्स-रे किंवा सीटी स्कॅन लागतो.

उच्च दाबाच्या तारेचा धोका वेगळा आहे. कातडीवर छोटासा डाग दिसतो, पण आतले स्नायू आणि रक्तवाहिन्या भाजलेल्या असतात. सूज वाढून रक्तपुरवठा तुटू नये म्हणून डॉक्टर लांब छेद देऊन दाब मोकळा करतात आणि मेलेले स्नायू काढत राहतात. तरीही हात वाचला नाही, तर तो कापावा लागतो.

प्रत्यारोपण अवघड का?

हाड, रक्तवाहिन्या, स्नायू, नसा असं सगळं जोडावं लागतं. खांद्याजवळ स्नायू जास्त असतात आणि ते रक्ताशिवाय काही तासच तग धरतात. नसा दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात, म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत पोहोचायला एक-दोन वर्षं सहज जातात. शरीराने परका हात नाकारू नये म्हणून औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात. आणि मुळात, दुःखाच्या क्षणी कुणीतरी दानाला ‘हो’ म्हणावं लागतं.

शॉक लागल्यास काय कराल?

आधी मेन स्विच बंद करा, त्याआधी व्यक्तीला हात लावू नका. तार उच्च दाबाची असेल तर लांबच थांबा आणि वीज कंपनीला कळवा. १०८ ला फोन करा. जखम छोटी दिसली तरी रुग्णालयात जा. वाडीत काठीने चिकू काढताना किंवा गच्चीवर वावरताना आधी वर तार आहे का ते पाहा.