म्हातारी पेशी ओळखायची कशी?

हल्ली वर्तमानपत्रांत ‘झोंबी पेशी’ हा शब्द वारंवार भेटतो. शरीरात म्हाताऱ्या पेशी साठतात, मरत नाहीत, शेजारणींनाही बिघडवतात. त्या काढून टाका की म्हातारपण लांबलं! आमच्या कट्ट्यावर तर त्यासाठीच्या कॅप्सूलची बाटलीही फिरू लागली आहे. या घाईला माझा सक्त विरोध आहे.

गोष्ट मुळात खोटी नाही. १९६१ साली अमेरिकेत हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवलं, की माणसाच्या पेशी काचपात्रात साधारण पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. २०११ साली उंदरांमधल्या अशा पेशी काढल्यावर काही विकार लांबले, हेही खरं. पण ते उंदीर लवकर म्हातारे व्हावेत म्हणून जनुकं बदलून घडवलेले होते.

आणि मंडळी, काढायचं नेमकं कुणाला? १९९५ पासून एक निळ्या रंगाची चाचणी आहे. पण तो रंग भक्षक पेशींनाही चढतो, काचपात्रात दाटीवाटीने वाढलेल्या पेशींनाही. पी-१६ नावाचं प्रथिन शोधावं, तर ते काही म्हाताऱ्या पेशींत सापडत नाही आणि म्हाताऱ्या नसलेल्या काहींत सापडतं. कातडीतली पेशी वेगळी, यकृतातली वेगळी. विभागून थकलेली वेगळी, किरणोत्सर्गाने थांबलेली वेगळी. वर्गातली दहा मुलं नापास झाली तर कारणं दहा असतात, हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक असतं.

शिवाय यातल्या काही पेशी उपयोगाच्या असतात. जखम भरून यायला त्या मदत करतात, हे २०१४ साली उंदरांतच दिसलं. २०२० साली पी-१६ची खूण पाहून उंदरांच्या यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी काढल्या, तर त्यांची जागा नव्या पेशींनी घेतली नाही. यकृतात व्रण धरले आणि उंदरांची प्रकृती ढासळली. त्याच वर्षी गुडघेदुखीवरचं असंच एक औषध माणसांवरच्या चाचणीत निष्प्रभ ठरलं.

संशोधनाला माझा विरोध नाही, ते जोरात व्हावं. विरोध आहे तो ओळख पटण्याआधीच शिक्षा सुनावणाऱ्या दुकानदारीला. तिचं गिऱ्हाईक आम्हीच, पेन्शनवाले. तेव्हा बाटली विकत घेण्याआधी विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारा: कोणती पेशी मारणार? ती ओळखली कशी? आणि हे माणसांत सिद्ध झालंय का?

उत्तर मिळालं नाही, तर पैसे खिशातच ठेवा.